मागचा जिना कुणी नेला?

१

इमारत ही माणसाच्या विवेकाची सर्वांत टिकाऊ साक्ष असते, असं दादा प्रत्येक भाषणात सांगत असे. मंगळवारी सकाळी, पहिला चहा व्हायच्या आत, त्या साक्षीतून सगळे संडास नाहीसे झाले.

इमारत अजून उभी नव्हती, ही त्यातली जमेची बाजू. शहराच्या नव्या ग्रंथालयाची ती इमारत होती आणि सध्या तिचा मुक्काम दादाच्या ऑफिसातल्या संगणकात होता. दादा आर्किटेक्ट. त्याच्या पाठचा भाऊ, ज्याला सगळे भाऊच म्हणत, तोही आर्किटेक्ट. दादाची बायको, म्हणजे वहिनी, इमारतींची आतली सजावट बघत. आणि या तिघांना एका दावणीला बांधायचं काम होतं छोटीकडे. छोटी ही दोघा भावांची सख्खी बहीण. वय बेचाळीस, चष्मा जाड, मोठा मुलगा तिच्यापेक्षा वीतभर उंच. पण घरात पडलेलं नाव ऑफिसात चिकटलं होतं, आणि बाहेरचे इंजिनियरसुद्धा तिला "छोटीताई" म्हणत. मोठं व्हायची सोयच नव्हती.

ऑफिसात मॉडेल आणलं ते छोटीने, हट्टाने. पूर्वी नकाशा एका कागदावर असे, छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते, दुसऱ्यावर, दर्शनी चित्र तिसऱ्यावर, आणि त्या तीन कागदांचं आपसात सोयरसुतक नसे. आता संगणकात एकच अख्खी इमारत रचायची आणि सगळ्यांनी तिच्यातच काम करायचं. भिंत एकदा सरकवली की ती नकाशात सरकते, छेदात सरकते, विटांच्या हिशोबातही सरकते. हवेची नळी तुळईत घुसली तर तुळई ओतायच्या आधीच मॉडेल बोंब मारतं. या एवढ्या साध्या गोष्टी दादाला पटवताना छोटीचे केस पांढरे झाले होते. दादाच्या मते ते आनुवंशिक होतं.

रोज सकाळी छोटी मॉडेलची तपासणी करत असे. आज मॉडेल म्हणालं: नळ, शून्य. बेसिन, शून्य.

तिला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. तिने इमारत पडद्यावर गोल फिरवली. पुढून ग्रंथालय देखणं होतं. मागून ते दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. दोन्ही स्वच्छतागृहं गेली होती. दुर्मिळ पुस्तकांची कोठी गेली होती.

आणि मागचा जिनाही नव्हता.

२

"उद्या मंजुरी समितीची बैठक," दादा म्हणाला, "आणि आज तू मला सांगतेस की जिना हरवला."

"हरवला नाही. कुणीतरी काढला."

"जिना काय सुईदोरा आहे? मी बत्तीस वर्षं कागदावर इमारती काढल्या. कागदाने माझा जिना कधी खाल्ला नाही."

दादाच्या खोलीत संगणक नव्हता. तिरक्या पाटाचं जुनं ड्रॉइंग टेबल होतं, त्यावर टोकदार पेन्सिलींचा पेला, आणि भिंतीवर मऊ लाकडाचा मोठा बोर्ड. बोर्डावर ग्रंथालयाचं ताजं छापलेलं दर्शनी चित्र टाचलं होतं. बोलताना दादा छोटीकडे कमी आणि त्या चित्राकडे जास्त बघत होता, सुनेकडे कौतुकाने बघावं तसं.

"कालची प्रत आहे माझ्याकडे," छोटी म्हणाली. "जे गेलं ते परत आणता येतं."

"आणि उद्या परत गेलं तर? समितीसमोर बसलोय आणि छप्पर गेलं तर?" दादाने चष्मा काढला. तो चष्मा काढून बोलू लागला की घरातली मुलंसुद्धा उठून बसत. "हे बघ छोटे. कोणी केलं आणि कसं केलं, हे संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर उद्यापासून आपण कागदावर. तुझं ते मॉडेल बंद."

"मॉडेल बंद म्हणजे मीच बंद, दादा. मला दुसरं काम काय आहे इथे?"

"तू फोन घेत जा. तुझा आवाज चांगला आहे."

छोटी जागेवर येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. सहा वर्षं रक्त आटवलं, त्याची किंमत आवाज चांगला.

मॉडेलचा एक गुण असा की कुणी काय केलं ते सांगतं. ज्याच्या खात्यातून बदल होतो त्याचं नाव मॉडेलकडे राहतं. तिने आजची नोंद उघडली. सकाळच्या पहिल्या तासातच मोठा बदल झाला होता, आणि त्यापुढे नाव होतं भाऊचं.

तिने भाऊला फोन लावला. तो दुसऱ्या एका बांधकामावर होता. मागे काँक्रीटचं मिक्सर दळत होतं.

"सकाळपासून इथेच आहे मी," भाऊ ओरडला. "गुडघ्याएवढ्या चिखलात उभा आहे. काय झालं?"

"तू जिना काढलास."

"कुठला? इथे अजून पायाच चाललाय!"

३

म्हणजे भाऊच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलं होतं. भाऊचा संगणक ऑफिसच्या मधोमध, प्रिंटरच्या शेजारी, आणि सदोदित उघडा. बंद कर म्हणून छोटीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, पडद्यावर चिठ्ठी डकवून पाहिली. चिठ्ठीवर भाऊने चहाचा कप ठेवला.

मंगळवार हा सगळ्यांनी एकत्र बसून भांडायचा वार. त्यामुळे सकाळपासून ऑफिसात बाहेरचे दोघे हजर होते, खांबवाले आणि हवावाले. खांबवाले म्हणजे खांब-तुळयांचे इंजिनियर. बुटके, भरभक्कम, स्वतःच एखाद्या खांबासारखे. हवावाले वातानुकूलन बघत. ते सडपातळ होते आणि नेहमी कुठूनतरी निसटायच्या बेतात असत.

छोटीने आधी खांबवाल्यांना गाठलं.

"मागचा जिना गेला," ती म्हणाली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

खांबवाल्यांचा चेहरा उजळला. "गेला? खरंच? चला, सुटलो!"

"सुटलो काय! तुम्ही काढलात?"

"मी काढायला हवा होता. तीन वेळा सांगितलं तुम्हाला, त्या जिन्यामुळे माझी तुळई वाकडी होतेय. तीन वेळा तुम्ही म्हणालात, तुळई हलवा. तुळई काय सोफा आहे?" मग त्यांच्या लक्षात आलं. "पण छोटीताई, जिना गेला तर आग लागल्यावर माणसं उतरणार कुठून? मी भांडतो, पण माणसं नाही जाळत."

"संडासही गेलेत."

"ते कशाला?" खांबवाले खरोखर गोंधळले. "त्यांचा मला काहीच त्रास नव्हता."

हवावाले पाणी प्यायला निघाले होते. छोटीने त्यांना दारातच अडवलं.

"पुस्तकांची कोठी तुम्हाला नको होती ना?"

"नको होती म्हणजे काय, ताई? ती जुनी पुस्तकं नाहीत, सणाला आलेले जावई आहेत. थंड हवं, कोरडं हवं, वारा नको, आवाज नको. आणि माझी नळी न्यायला जागा किती, तर एवढी." त्यांनी दोन बोटं दाखवली. "पण काढून टाकली असती तर माझं कामच कमी झालं असतं. काम कमी झालं तर मला बोलावतं कोण? मी काय वेडा आहे?"

"आणि जिना?"

"जिन्यात मी कधी हवा सोडलेली नाही," हवावाले म्हणाले आणि निसटले.

राहिल्या वहिनी. त्या लाकडाच्या नमुन्यांच्या ढिगात बसल्या होत्या.

"वहिनी, संडासांबद्दल विचारायचं होतं."

"अगं बाई, काढले वाटतं शेवटी?" वहिनींनी हात जोडले. "वाचनालयाची एवढी सुंदर सागवानी भिंत केली मी, आणि तिच्या बरोबर समोर संडासाचं दार. मन लावून वाचत बसलेला माणूस मान वर करणार, आणि दिसणार काय?"

"तुम्ही काढले का?"

"वन्सं, मला ते हलवायचे होते. काढायचे नव्हते. माणसं ग्रंथालयात दिवसभर बसतात. तुमचे दादा तर बसतातच." त्यांनी एक नमुना उचलून उजेडात धरला. "आणि मला तुमच्या त्या मॉडेलात काही काढता येत असतं, तर मी आधी तो हवावाल्यांचा पत्र्याचा डबा काढला असता."

छोटी परत आली आणि टेबलावर कपाळ टेकवून बसली. तिच्याकडे तीन संशयित होते. प्रत्येकाला एकेक वस्तू नकोशी होती. पण प्रत्येकाच्या वस्तूबरोबर इतर दोघांच्याही वस्तू गेल्या होत्या. तिघांनी कट केला म्हणावं, तर या तिघांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नव्हतं.

४

जेवणाची वेळ टळून गेली. वहिनींनी डबा आणून ठेवला, तो तसाच राहिला. दादा दोनदा खोलीबाहेर डोकावला. दुसऱ्यांदा त्याने फोनच्या टेबलाकडे असं काही पाहिलं की छोटीच्या अंगाची आग झाली.

मग तिने प्रश्न उलटा केला. हे कोणाला नको होतं, हे विचारून झालं. आता, या सगळ्यात सारखं काय?

जिना, संडास, कोठी. एक दगडी, एक ओलं, एक कोरडं. बांधणारे वेगळे, वापरणारे वेगळे. सारख्या गोष्टी दोनच. एक, सगळं इमारतीच्या मागच्या बाजूला होतं; पुढून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. आणि दुसरी...

छोटी ताठ बसली.

दुसरी, हे सगळं मधल्या मजल्यावर होतं. मागच्या भागात तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये एक अर्धा मजला होता. मॉडेलात प्रत्येक मजल्याची एक पातळी असते, आडव्या रेषेसारखी. भिंती, दारं, जिने, संडास सगळे आपापल्या पातळीला बांधलेले. पातळी वर नेली की सगळं बिऱ्हाड वर जातं. आणि पातळीच काढली तर? घर पडल्यावर संसार राहतो कुठे?

पण पातळ्या कोणी काढूच नयेत म्हणून छोटीने त्या टाचून ठेवल्या होत्या. मॉडेलात तशी सोय आहे. रेषेवर टाचणीचं चित्र दिसतं, आणि ते असलं की ती रेष ना हलते ना पुसली जाते. म्हणूनच सकाळपासून तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. कुलूप लावलेल्या कपाटात चोरी झाली असेल असं कुणाला वाटतं?

तिने इमारतीचं बाजूचं चित्र उघडलं. तळमजल्याची रेष होती, तिच्यावर टाचणी. पहिल्या मजल्याची होती, तिच्यावरही. मधल्या मजल्याची रेष नव्हती.

म्हणजे चोराने आधी टाचणी उपसली होती आणि मग रेष पुसली होती. जिना, संडास, कोठी यांच्याशी त्याचं काही वैर नव्हतंच. त्याला फक्त ती रेष नको होती.

आता या ऑफिसात इमारतीकडे इमारत म्हणून न बघता रेषांचा कागद म्हणून बघणारं कोण होतं? छोटीला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिने आधी तो डबा उघडून जेवून घेतलं. पुढचं काम रिकाम्या पोटी करायचं नव्हतं.

५

चार वाजता ती सगळ्यांना घेऊन दादाच्या खोलीत गेली. भाऊ नुकताच परतला होता, बुटांना चिखल. वहिनी त्याच्या बुटांकडे आणि गालिच्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

"एकच प्रश्न आहे," छोटी म्हणाली. "काम करताना टाचणी दिसली तर तुम्ही काय करता? खांबवाले?"

"टाचणी म्हणजे छोटीताईंची सही. मी हात मागे घेतो."

"हवावाले?"

"मी पडदाच बंद करतो, ताई."

"भाऊ?"

"तुला फोन करतो. तू ओरडतेस. मग मी ते काम उद्यावर टाकतो."

"दादा?"

"हा काय पोरकट प्रश्न?" दादा वैतागला. "टाचणी दिसली तर काढेन. कागदावर काही बदलायचं तर टाचणी आधी काढावीच लागते. बत्तीस वर्षं..."

वहिनींनी लाकडाचा नमुना हळूच खाली ठेवला.

"दादा," छोटीने बोर्डाकडे बोट केलं, "हे चित्र तू सकाळी छापलंस ना? भाऊच्या संगणकावरून?"

"हो. म्हणजे काय झालं? चार वर्षं त्याच्या खांद्यावरून बघतोय, छापता येतं मला. पण ती मेली रेष बघ ना, इमारतीच्या बरोबर तोंडावरून जात होती. कपाळावर आठी पडावी तशी. समितीला असं चित्र दाखवायचं? मी टाचणी काढली आणि रेष पुसली. एक रेष. मी काय संडास पुसले?"

"हो," छोटी म्हणाली.

"रेष पुसली मी!"

"मॉडेलात रेष नसतेच, दादा. तो मजला होता. तू अख्खा मजला पुसलास. पुढून काही बदललं नाही म्हणून तुला कळलं नाही. आणि तू संगणकाला हात लावत नाहीस हे सगळ्यांना पाठ, म्हणून तुला कुणी विचारलं नाही."

दादाने चित्राकडे पाहिलं. मग त्याचा आवाज चढला. "मग त्याने मला सांगायला नको? एवढं शहाणं आहे ना ते?"

"सांगितलं असणार. चौकट आली असेल, की यासोबत आणखी बऱ्याच वस्तू जातील. तू काय केलंस?"

"'ठीक' दाबलं. ते दिवसभर कसल्या ना कसल्या चौकटी दाखवतं. भाऊ तर न बघता दाबतो." दादाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमच्यापैकी कोण वाचतं ते? हात वर करा."

खांबवाले छताकडे बघू लागले. हवावाले दाराकडे सरकले. भाऊला अचानक बुटांचा चिखल आठवला. छोटीचा हात अर्धवट उठला होता, तो तिने केसांवरून फिरवून खाली घेतला.

"बघा!" दादा म्हणाला. "म्हणून म्हणतो, कागद बरा. कागदावर रेष पुसली तर रेषच जाते."

इथे छोटीचा संयम संपला.

"हो, जाते. एकाच कागदावरून जाते! नकाशात मजला राहतो, छेदात राहतो, चित्रात नसतो, आणि ठेकेदाराच्या हाती जो कागद लागेल तशी इमारत होते. तुझ्या त्या वसतिगृहाचं काय झालं?"

"ते काढायचं कारण नाही," दादा म्हणाला.

"काढायचं आहे," खांबवाले म्हणाले. त्यांनी ही संधी वर्षानुवर्षं जपून ठेवली असावी. "नकाशात दुसऱ्या मजल्याचं दार होतं आणि छेदात त्याच जागी माझी तुळई. दोन्ही कागद तुमच्या सहीचे. दोन्ही बांधले गेले. ती मुलं अजून वाकून खोलीत जातात."

"मोठ्यांसमोर वाकावं, असं शिकतात तरी," भाऊ म्हणाला.

"तू गप रे!"

"दादा," छोटीचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खरंच चांगला होता, "तिथे चूक कळायला इमारत बांधावी लागली. इथे तू रेष पुसलीस आणि मला चहाच्या आत कळलं. नळ शून्य झाले, बेसिन शून्य झाली, जिना गेला, सगळं एकदम. तू चूक लपवायची म्हटली असतीस तरी तुला लपवता आली नसती. हेच तर त्याचं काम आहे. आता सांग. मी फोन घेऊ का?"

दादाने बोर्डावरची एक टाचणी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत तिथेच खोचली. भावंडांमध्ये माफी मागायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. आजारपणातसुद्धा नव्हती.

"फोन तुझी वहिनी घेईल," तो म्हणाला.

"मी का म्हणून?" वहिनी म्हणाल्या.

"बरं, कुणीच घेऊ नका. छोटे, तुझं ते मॉडेल राहू दे." मग, घास गिळावा तसं: "पण ती रेष माझ्या चित्रावर नको."

"ती लपवता येते, दादा. पुसावी लागत नाही. एक खूण काढली की दिसत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं का नाही?"

छोटीने तोंड उघडलं. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तोंड मिटलं.

६

मधला मजला कालच्या प्रतीतून परत आला, आपल्या सगळ्या बिऱ्हाडासकट. वहिनींची सागवानी भिंत छोटीने जशीच्या तशी ठेवली. तेवढ्यात संडासाचं दारही हातभर बाजूला सरकवलं, ते नकाशात सरकलं, छेदात सरकलं, आणि खांबवाल्यांच्या तुळईला लागलं. मॉडेलने लगेच बोंब मारली. खांबवाल्यांनीही मारली. दारासाठी वाट निघेपर्यंत ऑफिसातले दिवे लागले होते. भाऊच्या संगणकाला छोटीने कुलूप घातलं. दादाला स्वतःचं खातं मिळालं, त्यात फक्त बघता येत असे. त्याने ते उघडून इमारत पुढून पाहिली. पाठीमागे काय आहे ते बघायला ती फिरवावी लागते, हे त्याला छोटीने दाखवलं. त्याने ती एकदा फिरवली, मागचा जिना पाहिला आणि म्हणाला, "आहे."

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत छोटी सगळी तयारी करून गेली. छेद, हिशोब, आगीच्या वेळी माणसं कुठून उतरतील याचं हलतं चित्र, सगळं. अध्यक्षांनी पहिलं चित्र पाहिलं, ते दर्शनी होतं. छान आहे, म्हणाले. मग त्यांनी समितीतर्फे एकच प्रश्न विचारला, गाड्या कुठे लावायच्या.

भाऊ म्हणाला, शेजारच्या मैदानात.

बैठक संपली. इमारत मंजूर झाली.